सोमवारची यादी

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की आमच्या भागात खिडकीच्या फळीवर काळी काजळी येऊन बसते. सकाळी पुसावी, दुपारी बोट फिरवलं की बोट पुन्हा काळं. ऑफिसातले किस्से असेच साचतात. मुद्दाम कुणी आणत नाही आणि पुसून संपत नाहीत.

माझ्याकडे ते जरा जास्त साचतात, कारण मला डायरीची सवय आहे. डाव्या पानावर काम लिहायचं, उजव्या पानावर कोण काय बोललं ते. तीस वर्षांत माझी एकही वही अशी नाही, जिची डावी पानं आधी भरली!

आमचा कारखाना बारामतीच्या एमआयडीसीत. छोटाच. आम्ही रबराची गॅस्केटं करतो. दूध-तेलाच्या कारखान्यांत दोन पाइप जिथे जोडतात तिथे मध्ये एक चकती असते. ती चांगली असली तर कुणाला तिची आठवण येत नाही. खराब झाली की सगळीकडे गळती आणि आरडाओरडा. विक्रीच्या टेबलाला आम्ही तिघं. बावड्याचे विलासतात्या, ज्यांनी अर्धं आयुष्य मोटरसायकलवर कारखान्यांच्या गेटा-गेटांवर काढलं. लासुर्ण्याची शुभांगी, सत्तावीस वर्षांची, कॉम्प्युटर तिच्या हाताखालचा. आणि शेळगावचा मी, बावन्न वर्षांचा, डिस्पॅचमधून उचलून विक्रीत बसवलेला.

जूनच्या सुरुवातीला पुण्याहून मालक आले. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तुटलं होतं. ते खुर्चीवर बसलेच नाहीत, उभ्याउभ्याच बोलले. "नोकरी-धंद्यातली माणसं आपापला हुद्दा लिहून बसलेली असतात, त्या साइटवर शोधा. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत दहा नवे कारखाने. नुसती नावं नकोत. भेटीची तारीख त्यांच्या सहीनं लेखी पाहिजे. दहा झाल्या तर टेबल राहील. नाहीतर मी हे काम पुण्यातल्या एजन्सीला देतोय."

"आन आमी?" तात्यांनी विचारलं.

"बघू," मालक म्हणाले.

डाव्या पानावर मी लिहिलं : दहा. उजव्या पानावर : बघू. त्या रात्रीपासून मला नीट झोप लागेनाशी झाली. बावन्नाव्या वर्षी डायरी लिहिणाऱ्या माणसाला कोण कामावर घेणार?

*

साइटचं पैसे भरून घ्यायचं खातं एकाच नावावर मिळत होतं. मालकांनी शुभांगीचं नाव सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला. माझा फोटो जगाला दिसायला नको होता.

पहिल्या दिवशी तिने ‘पर्चेस मॅनेजर’ असं टाकलं आणि शोध दाबला. इतकी नावं आली की मोजायची सोय नाही. देशभरातली!

तात्यांनी चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि शांतपणे म्हणाले, "हरकत न्हाय. वरनं सुरुवात कर. एकेकाला फोन लाव."

शुभांगीने मग ठिकाण ‘बारामती’ केलं. आता आली मोजकीच. त्यांत कॉलेजची पोरं, विमा एजंट आणि एक योगशिक्षक. आमच्याच रस्त्यावरच्या चार मोठ्या कारखान्यांतलं कुणीच नाही!

तिने अर्धा तास खोदून कारण काढलं. "तात्या, ही सगळी माणसं हितंच कामाला येतात, पण साइटवर ठिकाण ‘पुणे’ लिहितात."

तात्या भडकलेच. "काम बारामतीत, डबा बारामतीत, पगार बारामतीत, आन सांगायला पुणं? लाज वाटत न्हाय व्हय रं?" मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुझं काय लिवलंयस?"

शुभांगी स्क्रीनकडे बघत राहिली. "पुणे," ती म्हणाली.

त्या दिवशीची डाव्या पानावरची नोंद अशी : ‘पुणे’ टाकून शोधावे. पुढे कारखान्याच्या गावाचे नाव वेगळे टाकावे. मगच आपली माणसे सापडतात.

*

दुसरी गोष्ट आम्हाला तात्यांनी शिकवली आणि ती कुठल्याही साइटवर लिहिलेली नाही.

दोन आठवडे आम्ही खरेदीवाल्यांच्या मागे होतो. ते गोड बोलायचे, कॅटलॉग मागवायचे, आणि गप्प. एक दिवस तात्यांनी टेबलावर हात आपटला. "आरं, खरेदीवाल्याला गॅस्केट म्हंजे कागदावरची ओळ! ज्याच्या अंगावर पहाटे दूध उडतं, त्याला शोधा. त्यो सांगंल, मग खरेदीवाला आपुआप घील."

म्हणजे मेंटेनन्सवाला. शुभांगीने ‘मेंटेनन्स’ टाकलं. आले! मोटरसायकलचे गॅरेजवाले आले, लिफ्टवाले आले, सोसायट्यांचे मॅनेजर आले. एक गृहस्थ ‘नात्यांचा मेंटेनन्स’ या विषयावर भाषणं देणारे निघाले.

मग तिला कळलं की नको असलेले शब्दही साइटला सांगता येतात. मी लगेच वहीत वेगळा रकाना आखला. डोक्यावर लिहिलं ‘नको’. खाली एकाखाली एक : गॅरेज, लिफ्ट, सोसायटी, विमा, व्याख्याता, सल्लागार, निवृत्त.

तात्यांनी तो रकाना दोनदा वाचला. "दत्ता," ते म्हणाले, "याची एक झेरॉक्स मला दे. घरच्या दाराला लावतो!"

*

हा तिसरा किस्सा हसण्याचा नाही, पण तो सांगितल्याशिवाय पुढचे कळायचे नाहीत.

जूनच्या अखेरीस आम्हाला एका खाद्यतेलाच्या कारखान्याचे मेंटेनन्स प्रमुख सापडले. हुद्दा बरोबर, गाव बरोबर, अनुभव दांडगा. साइटच दाखवत होती की त्यांना त्या जागेवर पंधरा वर्षं झाली. मी मजकूर केला, शुभांगीने टाइप केला : ‘पंधरा वर्षे पूर्ण केल्याबद्दल अभिनंदन. आपल्यासारख्या अनुभवी माणसाला भेटण्याची इच्छा आहे.’ मला स्वतःला तो मजकूर फार आवडला होता.

चार दिवसांनी उत्तर आलं. त्यांच्या मुलीचं होतं.

‘बाबा गेल्या वर्षी गेले. खातं बंद करायचं राहून गेलं. पण तुम्ही अभिनंदन केलंत, ते आईला वाचून दाखवलं. बाबांच्या जागी आता जे साहेब आहेत त्यांचं नाव खाली देते. बाबा गळतीबद्दल घरीसुद्धा बोलत बसायचे.’

तात्या उठून बाहेर गेले.

त्या नव्या साहेबांनी भेटीची तारीख दिली. ती आमची पहिली लेखी तारीख. मी मात्र वहीत ‘१’ हा आकडा दोन दिवस लिहू शकलो नाही.

त्यानंतर मी एक नियम केला. यादीतलं प्रत्येक नाव दर सोमवारी उघडून बघायचं. माणूस त्याच हुद्द्यावर आहे ना, त्याच जागी आहे ना, अलीकडे काही लिहितो-बोलतो आहे ना. मगच त्या आठवड्यात त्याला काही पाठवायचं.

कॉम्प्युटर एकच. पावणेदहाला शुभांगीची बस आली की तो तिच्या ताब्यात जायचा. म्हणून सोमवारी मी पहिल्या गाडीने निघायचो, नऊला ऑफिस उघडायचो, आणि सव्वानऊला यादी हातात घेऊन पहिल्या नावापासून सुरू. खातं तिचं उघडंच असायचं. मी फक्त बघायचो. बघितलं की वहीत बरोबरची खूण. कशालाही हात लावायचा नाही, ही माझी शिस्त. टेलिफोनची डिरेक्टरी चाळली म्हणून समोरच्याच्या घरात घंटा थोडीच वाजते!

यादीत पहिलं नाव होतं इंदापूरच्या बाजूला असलेल्या एका मोठ्या दूध प्रकल्पाच्या मेंटेनन्स प्रमुखाचं. अमोल नाव. सगळ्यांत जवळचा, आणि सगळ्यांत गप्प. आमचा निरोप त्याने वाचल्याची खूण दिसत होती. उत्तर नाही.

*

उत्तरांबद्दल सांगायलाच हवं.

मी वहीत ‘उत्तर’ असा रकाना ठेवला होता. पहिल्या महिन्यातच लक्षात आलं की त्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहावा लागतोय. ‘कळवतो.’ शेवटी मी नुसतं ‘क.’ लिहायला लागलो. पानंच्या पानं ‘क.’! लांबून बघितलं तर बालवाडीतल्या मुलाने गिरवलंय असं वाटावं.

शुभांगीला सुरुवातीला प्रत्येक ‘कळवतो’वर आशा असायची. "काका, हे म्हणाले नक्की कळवतो. चांगलं वाटतंय."

तात्यांनी तिला समोर बसवलं. "हे बघ पोरी, आमी हा शब्द पस्तीस वर्सं खाल्लाय. ‘कळवतो’ म्हंजे न्हाय. ‘नक्की कळवतो’ म्हंजे कधीच न्हाय. ‘बघून कळवतो’ म्हंजे आता फोन उचलणार न्हाय. आन ‘मीच तुमाला कळवतो’ म्हंजे पुन्हा गेटवर दिसू नगा."

"मग ‘हो’ कसं ओळखायचं?"

"‘हो’ म्हणणारा बोलतच न्हाय. त्यो विचारतो, ‘च्या घेणार का?’"

*

सोमवारच्या पहिल्या गाडीमुळे माझा नाष्टा बुडायला लागला. बायकोने दोन सोमवार बघितलं. तिसऱ्या सोमवारी मी चपला घालत असताना तिने विचारलं, "तुम्ही सोमवार धरलाय का?"

मला टेबलाची, मालकांची, ‘बघू’ची सगळी कथा तिला सांगायची नव्हती. ती उगाच काळजी करत बसली असती. मी म्हणालो, "तसंच समज."

झालं! पुढच्या सोमवारपासून डब्यात साबुदाण्याची खिचडी. सोबत दोन केळी. चौथ्या की पाचव्या सोमवारी तर उपासाची मिरची वेगळी तळून! डबा एवढा मोठा की तिघांना पुरून उरायचा. तात्या मधुमेही, पण सोमवारी त्यांना त्याचा विसर पडायचा.

"दत्ता, खरं सांग," एकदा तोंडात घास असताना त्यांनी विचारलं, "कशापायी धरलायस?"

"दहा तारखांपायी," मी म्हणालो.

तात्यांनी घास गिळला. "मग मिरची नगं खाऊस. नीट धर!"

*

ऑगस्टमध्ये शुभांगीने एक नवीच वाट काढली. साइटवर माणूस कुठल्या कॉलेजात शिकला तेही शोधता येतं. तिने आमच्या भागातल्या एका जुन्या पॉलिटेक्निकचं नाव टाकलं, पुढे ‘डेअरी’ आणि ‘मेंटेनन्स’. पडद्यावर आपल्याकडचीच आडनावं उतरायला लागली. सांगलीत, नाशकात, थेट गुजरातेत! मला तर आमचं गाव जत्रेला एकत्र आल्यासारखं वाटलं.

त्यांतल्या गुजरातच्या एकाने फोन नंबर दिला. शुभांगीने फोन स्पीकरवर ठेवून तात्यांच्या पुढे सरकवला. समोर कागदावर मी चार मुद्दे लिहून दिले होते. तात्यांनी कागद उलटा करून ठेवला.

"पाव्हणं, मूळ गाव कुठलं म्हणायचं?"

तो माणूस गाव म्हणाला. तात्यांनी आळी विचारली. मग मामाचं गाव. मग बहीण कुठं दिलीय. मग विहिरीला पाणी किती. मी घड्याळ बघत होतो, शुभांगी खुणा करत होती. पंचवीस मिनिटांनी तात्या म्हणाले, "बरं हाय मग, घरी सांगा नमस्कार," आणि फोन ठेवला.

त्यांचा चेहरा उजळला होता. "लई गोड माणूस! माझ्या पुतणीच्या दिराचा मेव्हणा निघाला."

"आणि गॅस्केट, तात्या?"

तात्यांनी आमच्याकडे असं बघितलं, जणू आम्हीच काहीतरी अचकट बोललो होतो. "पयल्या बोलण्यात कसं काढायचं ते? रीत हाय का न्हाय काही?"

मी ‘उत्तर’ रकान्यात रेघ मारली. त्या माणसाचा काय दोष, त्याला प्रश्नच विचारला नव्हता!

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचाच फोन. "तात्या, काल तुम्ही काम सांगितलंच नाही. मला रात्रभर चुकल्यासारखं झालं. काय विकता तुम्ही?"

ती पाचवी लेखी तारीख.

*

सप्टेंबरअखेर सात झाल्या होत्या. एका दुपारी एक अनोळखी माणूस आत आला, खिशातून टेप काढली आणि आमची खोली मोजायला लागला. लांबी. रुंदी. खिडकी. मग त्याने मला खुर्ची सरकवायला सांगितली आणि माझ्या खुर्चीखालची जागा मोजली!

मी खुर्चीची पाठ धरून बघत होतो. शुभांगीने टाइप करणं थांबवलं. तात्यांनी मात्र चहा मागवला, गाव विचारलं, आणि चहाचा अर्धा कप संपल्यावर मुद्द्याला हात घातला. "कशाचं माप घेताय म्हणायचं?"

"एसी बसवायचाय साहेबांना."

आम्ही तिघांनी एकदम श्वास सोडला. एसी! मोडायच्या खोलीला कुणी एसी बसवतं का?

तो माणूस कप ठेवत म्हणाला, "दिवाळीनंतर हितं पुण्याची कुठलीतरी मंडळी बसणारेत म्हणं."

त्या दिवशीचं माझं उजवं पान कोरं आहे.

*

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा सोमवार. नऊ लेखी तारखा झाल्या होत्या. मालकांनी सकाळीच फोनवर सांगितलं होतं, "संध्याकाळी आकडा कळवा, दत्ताजी." जी म्हणाले. वीस वर्षांत मला त्यांनी पहिल्यांदा ‘जी’ म्हटलं.

सव्वानऊला मी नेहमीप्रमाणे यादी उघडली. पहिलं नाव अमोल. हुद्दा तोच, जागा तीच. खूण केली. दुपारपर्यंत शुभांगीने उरलेल्या सगळ्यांना शेवटचे निरोप धाडले. उत्तरं आली ती अशी : क., क., क.

दीड वाजता खिचडीचा डबा उघडला, पण कुणी हात घालेना. तेवढ्यात गेटवर पांढरी गाडी आली.

"मालक," शुभांगी कुजबुजली.

मी उभा राहिलो. वही बंद केली, पुन्हा उघडली, शर्टाची वरची गुंडी लावली, पुन्हा बसलो. तात्यांनी टेबलावरची केळी ड्रॉवरमध्ये टाकली.

गाडीतून आधी फेटा उतरला. मग काठापदराची साडी. मग एक बारावीतली मुलगी, हातात पेढ्यांचा पुडा. आणि सगळ्यांत शेवटी, इस्त्रीचा शर्ट घातलेला, मान खाली घातलेला एक तरुण. त्याचा चेहरा मी ओळखला. कसा नाही ओळखणार? दर सोमवारी सव्वानऊला मी तो बघत होतो.

तात्या सवयीने पुढे झाले. "या, या. पाव्हणं कुठलं?"

"इंदापूरकडचं," फेटेवाले म्हणाले. "ह्यो आमचा अमोल. दूध प्लांटला मेंटेनन्सचा सायेब हाय."

तात्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. दहावा कारखाना स्वतःच्या पायाने, सहकुटुंब आला होता! त्यांनी खुर्च्या ओढल्या. "च्या घेणार ना?"

पण बाई बसल्या नाहीत. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "शुभांगी ती हीच का?"

"हो," शुभांगी उठली. "मीच. काय झालं?"

"काय झालं न्हाय बाई, बस." बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "ह्याच्या फोनवर येतंय ना. शुभांगीनं तुमाला बघितलं. शुभांगीनं तुमाला बघितलं. पयल्यांदा ह्या पोरीनं वाचलं," त्यांनी मुलीकडे बोट केलं, "मला वाटलं आसंल काही कामाचं. मग पुढच्या सोमवारी. मग त्याच्या पुढच्या. मंगळवारी न्हाय, बुधवारी न्हाय. सोमवारीच! सव्वानऊच्या ठोक्याला! मी क्यालेंडरावर खुणा केल्यात. एक बी चुकला न्हाय."

मी आपला डिरेक्टरी चाळत होतो. घंटा वाजत होती तर. इतके दिवस तिकडे घंटा वाजत होती!

"आज सोळावा," बाई म्हणाल्या. "सोळा सोमवार कोण कशापायी करतं, ते मला सांगाय नगं. म्हनलं पुढच्या सोमवारी पोरगी उद्यापन करील, त्याच्या आधी आपुनच जाऊन यावं."

"आई," अमोल पुटपुटला. "मी सांगितलं होतं ना, त्यांचा मेसेजही आला होता. गॅस्केटचा."

"आला होता ना? मग उत्तर का न्हाय दिलंत?" तात्यांनी न राहवून विचारलं.

अमोलचे कान लाल झाले. "मला वाटलं, गॅस्केटचं निमित्त असेल."

बाईंची नजर टेबलावर गेली. डबा उघडा होता. त्यांनी फेटेवाल्यांना कोपराने ढोसलं. "बघा. उपास बी हाय."

शुभांगीने आधी डब्याकडे बघितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. सव्वानऊ. सव्वानऊला तिची बसच आलेली नसते. मग तिची नजर माझ्या वहीवर आली. पान उघडं होतं. डाव्या बाजूला पहिलं नाव, त्याच्यापुढे ओळीने बरोबरच्या खुणा. तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती.

मी उभा राहिलो. सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर ही माणसं अपमान होऊन निघाली असती, दहावी तारीख त्यांच्याबरोबर गेली असती, आणि संध्याकाळी मालकांना नऊ सांगावे लागले असते. नसतं सांगितलं तर ही पोरगी माझ्या शिस्तीपायी अडकली असती. मी म्हणालो, "मावशी, त्याचं असं आहे, की..."

"काका," शुभांगी म्हणाली. "बसा तुम्ही."

मी बसलो.

तिने ड्रॉवरमधून भेटीचा कोरा फॉर्म काढला. त्यावर एक केळं होतं, ते बाजूला ठेवलं. फॉर्म अमोलच्या पुढे ठेवून तिने पेन दिलं. "सर, तुमच्या प्लांटला गळती कुठं होते?"

अमोलने मान वर केली. आल्यापासून पहिल्यांदाच. "पाश्चरायझरला. दर पंधरा दिवसांनी. वैताग आलाय."

"आम्ही बघायला कधी येऊ?"

"गुरुवारी या. अकराला."

"तसं लिहा. खाली सही, हुद्दा आणि तारीख."

त्याने लिहिलं. सही केली. तात्यांनी तो कागद दोन्ही हातांनी उचलला आणि शाई वाळायची आहे की काय, तशी त्यावर फुंकर घातली. दहा! मी वहीत आकडा लिहिला.

"बरं, त्यांचं झालं," बाई म्हणाल्या. "आन आमचं काय, पोरी? आमी काय समजायचं?"

शुभांगीने पेनला टोपण लावलं, बाईंकडे बघून नीट हसली.

"कळवते," ती म्हणाली.

बाई तात्यांकडे वळल्या. "पाव्हणं, तुमी मोठं हाय. ‘कळवते’ म्हंजे काय धरायचं ओ?"

तात्यांनी तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. शुभांगीकडे बघितलं. अमोलकडे बघितलं, आणि तोंड मिटलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना त्या शब्दाचा अर्थ सांगता येईना.

"आसूं द्या," बाईंनीच मग सोडवलं. "घाई न्हाय आमाला. पर खिचडी निवली. आधी फराळ होऊ द्या. जिनं सोमवार धरलाय, तिच्या हातात डबा द्या बघू."

तात्यांनी डबा शुभांगीच्या हातात दिला. तिने तो घेतला, टेबलाला वळसा घालून माझ्यापर्यंत आली आणि माझ्या वहीवर ठेवला.

"काका, आधी तुम्ही घ्या," ती म्हणाली. "सोळा झाले ना!"